चार मिनिटांचा तलाव : प्रकल्प नोंदी

५ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या. तुळशीचं लग्न लागेपर्यंत स्टुडिओत काम थोडंच असतं, म्हणून आजच सुरुवात करतोय. पुढचे दोन-अडीच महिने आमच्या गावाच्या तलावाच्या पाळीवरून फक्त लांब एक्स्पोजरचे फोटो काढायचे. दुसरा तलाव नाही. नवेगावबांध जवळ आहे, इटियाडोह आहे, तिकडे फोटो काढायला लांबून लोक येतात. मला हाच हवा. हा मी लहानपणापासून बघतोय, आणि तरी गेल्या कोजागिरीला सहज अर्धं मिनिट शटर उघडं ठेवलं तेव्हा स्क्रीनवर जो तलाव उमटला तो माझ्या ओळखीचा नव्हता. आभाळ निळं, झाडं हिरवी, आणि निळ्यात चांदण्या. फ्लॅश नव्हता, काही रंगवलं नव्हतं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

तलाव मालगुजारी आहे, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, इथल्या जमीनदारांच्या, ताब्यातला. भंडारा-गोंदियाकडचे असे हजारो तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि कागदावर ‘माजी मालगुजारी’ झाले. गावात अजून पाळ, तुडूम, सलंग हेच शब्द चालतात. पाळ म्हणजे बांध, तुडूम म्हणजे पाणी सोडायची दगडी मोरी, सलंग म्हणजे सांडवा. माझी जागा त्या तुडुमापासून वीस पावलांवर आहे, उत्तरेकडे तोंड करून. समोर पाणी, उजवीकडे शिंगाड्याचे वेल, पलीकडच्या काठाला मोहाची चार झाडं आणि त्यामागे ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, घरं.

सामान: जुना डीएसएलआर, २० ची लेन्स, लग्नांत दहा वर्षं वापरलेला ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची वायर), आणि नवीन घेतलेला दहा स्टॉपचा काळा फिल्टर.

९ नोव्हेंबर

सूर्य बुडाल्यावर काढले. फिल्टर न लावता मोजणी केली तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप) ला पाव सेकंद. दहा स्टॉपचा फिल्टर उजेडाचा हजारातला एकच हिस्सा आत सोडतो, म्हणून पाव सेकंदाचे झाले २५६ सेकंद. सव्वाचार मिनिटं. पण संध्याकाळी या सव्वाचार मिनिटांतही उजेड ओसरतच असतो, तेव्हा साडेपाच दिली.

पाणी धुक्यासारखं का होतं ते आज पाळीवर बसल्या बसल्या नीट कळलं. समोर बारीक लाटा होत्या. एक लाट कलते तेव्हा वरच्या उजळ आभाळाचा तुकडा दाखवते, उलटी कलली की पलीकडच्या झाडांचा काळा. डोळा या चमका एकेक करून बघतो. कॅमेरा साडेपाच मिनिटांतल्या सगळ्या चमका एकाच जागी साठवत जातो, त्यांची सरासरी निघते, आणि पाण्याला पृष्ठभागच राहत नाही. काठावरचे दगड धुरातून वर आल्यासारखे दिसतात. तुडुमाचा मात्र दगड न् दगड मोजून घ्यावा इतका स्पष्ट.

रंगाने घात केला. सगळा फोटो तपकिरी-लाल, मोहाची झाडं तर विटकरी. कारण शोधलं. साधा काळा फिल्टर दिसणारा उजेड अडवतो, पण अवरक्त किरण अडवेलच असं नाही. पानं अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात, आणि इतका वेळ शटर उघडं राहिलं की ती गळती सेन्सरवर साचते. हिरवीगार झाडंच सगळ्यात जास्त बिघडली ती त्यामुळे. ऑनलाइन घेतला होता. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. महिन्याच्या किराण्याएवढे पैसे गेले, त्याचं वाईट वाटतंच.

फिल्टरमधूनच पांढऱ्या कागदाचा फोटो घेऊन व्हाइट बॅलन्स बसवला की अर्धाअधिक लाली जाते. पण मी ठरवलं की फिल्टर बाजूला ठेवायचा. खरा अंधार इथे रोज येतो. त्यातच काम करायचं.

१५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. तुडुमावर कोणी तरी तीन पणत्या लावून गेलं होतं.

आज आधी वहीत हिशेब मांडून मग गेलो. भर उन्हात आयएसओ १००, एफ/१६ ला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, हे फिल्मच्या काळापासून पाठ. पौर्णिमेचं चांदणं उन्हाच्या साधारण चार लाखांवा भाग. आयएसओ ८०० आणि एफ/४ वर आलो की वेळ १२८ पट कमी लागतो, म्हणजे उन्हातला वेळ येतो सेकंदाचा १२,८०० वा भाग. त्याला चार लाखांनी गुणलं की एकतीस सेकंद. पाळीवर गेलो, चंद्र चांगला वर येऊ दिला, तीस सेकंद दिली, आणि फोटो अगदी बरोबर उजेडाचा आला. चार लाखांचा आकडा इतका चोख हाती लागेल असं वाटलं नव्हतं. मी तिथेच उभा राहून दोनदा वही वाचली.

फोटो दिवसासारखा दिसतो. दिसणारच, कारण चांदणं म्हणजे चंद्रावर आपटून आलेलं ऊनच. दिवसा हवा उन्हातला निळा रंग जसा विखुरते तशीच रात्री चांदण्यातलाही विखुरते, म्हणजे पौर्णिमेच्या रात्री आपल्या डोक्यावर खरोखरच निळं आभाळ असतं. आपल्याला ते दिसत नाही. डोळ्यातल्या शंक्वाकार पेशींना रंग कळतो, पण त्यांना उजेड जास्त लागतो. अंधारात काम चालतं ते दंडाकार पेशींवर, आणि त्यांना रंग कळत नाही. शिवाय डोळा उजेड साठवून ठेवू शकत नाही, आला तसा सोडून देतो. सेन्सर तीस सेकंद घेत राहतो, घेत राहतो.

मोहाच्या झाडाखाली चांदण्यात पडलेली पानं, डोळ्यांना राखाडी. स्क्रीनवर त्यांतलं एक पिवळं, एक तांबूस, एक अजून हिरवं. मी ते हिरवं पान बॅटरी लावून शोधून काढलं. खरंच हिरवं होतं.

या फोटोंत गूढ वाटतं ते काय, याचा मी महिनाभर विचार करतोय. लोक म्हणतात, स्वप्नासारखं दिसतं. मला तसं म्हणवत नाही. त्या पानाचा हिरवा रंग रात्रभर तिथेच होता, मी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि मला तो दिसण्याची सोयच नव्हती. सावल्या उन्हासारख्या, पण कडा मऊ, कारण तीस सेकंदांत फांद्या हलल्या. आभाळ दिवसाचं, त्यात तारे. आपल्या मनाला यातली प्रत्येक खूण ओळखीची असते, पण त्या सगळ्या एका वेळी कधी भेटलेल्या नसतात. म्हणून माणूस फोटोसमोर थांबतो, असं मला वाटतं.

रात्री साडेदहाला पलीकडच्या उथळ पाण्यातून सारसांची जोडी ओरडली. बॅटरी लगेच विझवली. आपल्या जिल्ह्यात हे पक्षी आधीच थोडे उरलेत. आजपासून पाळीवर फक्त लाल कागद लावलेली बॅटरी, आणि झाडांवर उजेड मारून रंगवायचे प्रयोग अजिबात नाहीत.

२४ नोव्हेंबर

लग्नं सुरू. तीन दिवसांत दोन. पाळीवर गेलो नाही.

१ डिसेंबर

अमावस्या. ताऱ्यांच्या रेषा काढायच्या होत्या.

आकाश तासाला पंधरा अंश फिरतं. ध्रुव मात्र जागचा फारसा हलत नाही, आणि तो क्षितिजापासून किती वर असतो ते गावाच्या अक्षांशावर ठरतं. आपला अक्षांश एकवीसच्या आत-बाहेर, म्हणून ध्रुव खालीच, हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठी वर. इथल्या फोटोत त्याचा फायदा असा की ताऱ्यांच्या चक्राचा मध्य मोहाच्या शेंड्यांच्या जरा वरच येतो, आणि पाणी थिर असलं तर खाली त्याचं प्रतिबिंबही पडतं.

तीस-तीस सेकंदांचे फोटो लागोपाठ, तासभर, मग घरी संगणकावर एकमेकांवर चढवायचे. चूक झाली. लांब एक्स्पोजरनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून एक काळा फोटो घेतो आणि सेन्सरच्या गरमीने आलेले ठिपके त्यातून वजा करतो. ती सोय चालूच राहिली होती. तीस सेकंद फोटो, तीस सेकंद खंड. त्यामुळे रेषा अखंड आल्या नाहीत, आईच्या गोधडीवरच्या धावदोऱ्यासारख्या आल्या. प्रत्येक तारा टाका घालत गेलेला.

आणखी एक. पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवरच्या गावात झाडीपट्टीचं नाटक होतं. मंडपाच्या दिव्यांचा पिवळा उजेड क्षितिजावर घुमटासारखा उमटला. डोळ्यांना तिकडे काहीच दिसत नव्हतं, पेटीचे सूर तेवढे वाऱ्यावर येत होते. आधी वाटलं, हा उजेड पुसून टाकावा. राहू दिला. डिसेंबरातलं आमचं क्षितिज असंच असतं.

८ डिसेंबर

पहाटे पावणेसहाला, उजाडायच्या आधी. आयएसओ ४००, एफ/८, फिल्टर नाही, चार मिनिटं.

आधी दोन फोटो वाया गेले. पाळीची माती दवाने मऊ झाली होती, ट्रायपॉडचा एक पाय चार मिनिटांत जराजरा खचत गेला आणि मोहाची झाडं दुहेरी आली. पाळीखालच्या पडक्या गोठ्याजवळून कवेलूचे तीन तुकडे आणून पायांखाली ठेवले. मग हललं नाही. लेन्सवर दव धरत होतं, त्याचा उपाय घरूनच नेला होता: तांदूळ तव्यावर गरम करून जुन्या पायमोज्यात भरले आणि लेन्सभोवती बांधले. पाऊण तास काच कोरडी राहिली.

तिसऱ्या फोटोचं शटर उघडं असताना ढिवर काका डोंगा घेऊन निघाले. डावीकडून उजवीकडे, अगदी माझ्या समोरून, सावकाश. शिंगाड्याच्या वेलाजवळ थोडं थांबले, जाळं बघितलं, पुढे गेले. मी शटर बंद केलं नाही.

फोटोत काका नाहीत. डोंगाही नाही. पाणी कोरं. हे अपेक्षितच होतं: पाण्यावरच्या एखाद्या जागेसमोरून डोंगा जायला चार-पाच सेकंद लागतात, उरलेली दोनशे पस्तीस सेकंदं तिथे पाणीच असतं, तेव्हा काळ्या डोंग्याने अडवलेला उजेड कुणाला जाणवणार? पण पाण्यापासून हातभर उंचीवर एक लाल रेषा होती. केसाएवढी बारीक, फोटोच्या डाव्या कडेपासून सुरू झालेली. मध्ये तुटलेली, कुठे ठळक, कुठे नुसती पुसट. वेलाजवळ तिची बारीक गुंतवळ झालेली, आणि तिथून पुढे काही नाही.

काकांची बिडी.

झुरका घेतला तिथे रेषा ठळक. बिडी खाली धरली तिथे ती पाण्याकडे झुकलेली. जाळं बघताना ओठांत धरलेली बिडी मानेबरोबर हलत होती, ती गुंतवळ. मग बिडी संपली असणार. चार मिनिटांतलं एका माणसाचं सगळं वागणं त्या रेषेत आहे, फक्त माणूस नाही. मी हा फोटो संगणकावर इतका मोठा करून बघितला की नुसते चौकोन उरले. इतकी वर्षं लोकांचे चेहरे टिपले, एकाचाही असा माग माझ्या हाती लागला नव्हता.

९ डिसेंबर

संध्याकाळी काकांना मोबाइलवर तो फोटो दाखवला.

“मी कोठी हाव याच्यात?”

रेषेवर बोट ठेवलं. बराच वेळ बघत होते.

“लग्नात तं खटकन काढता जी भाऊ तुमी. एवढा येळ कायले लागते?”

मी सांगितलं की लग्नात माणसाचा एक क्षण हवा असतो, इथे मला चार मिनिटं हवीत. मग त्यांना पॅरिसच्या रस्त्याची गोष्ट सांगितली. १८३८ साली दागेरने, फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या फ्रेंच माणसाने, खिडकीतून रस्त्याचा फोटो काढला. भर वर्दळीचा रस्ता, माणसं, घोडागाड्या. तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. फोटोत रस्ता ओस पडलेला. एका कोपऱ्यात तेवढा एक माणूस दिसतो, पाय उचलून बुटांना पॉलिश करून घेणारा. तो बूट चकाकेपर्यंत जागचा हलला नाही, म्हणून राहिला. त्याचं नाव कोणाला माहीत नाही.

“म्हंजे हालला तो गेला?”

“हो.”

“अन् पालिशवाला?”

त्याची आकृती पुसट आहे, म्हणालो, त्याचे हात चालू होते. काका गप्प राहिले. मग म्हणाले, “काम करनारा पुसटच येनार जी.” त्यावर मला काही बोलता आलं नाही. हे वाक्य मी इथे त्यांनी उच्चारलं तसंच लिहून ठेवतोय. या प्रकल्पात मी काय काढतोय याकडे बघण्याची माझी नजर त्याने बदलली आहे. रिकामं, धुक्याचं, शांत पाणी लोकांना आवडतं. मलाही आवडतं. पण या पाण्यावर पहाटेपासून कोणी ना कोणी राबत असतं, आणि ही शांतता मी शटर उघडं ठेवून, त्यांना पुसून मिळवतो. एक फोटो तरी असा हवा की ज्यात काका असतील आणि रात्रही पूर्ण असेल.

विचारलं, हलल्याशिवाय उभे राहाल का? म्हणाले, “गरी टाकून बसतो तवा का हालतो का मी?”

१५ डिसेंबर

मार्गशीर्ष पौर्णिमा. काका डोंग्यातच बसले. तीस सेकंद. ते जराही हलले नाहीत, पण डोंगा हलला. पाण्यावरचं काहीच जागेवर राहत नाही. काका म्हणजे एक लांबट काळा डाग झाले. सहा वेळा केलं, सहाही तसेच. थंडी फार होती, त्यांना घरी पाठवलं.

नंतर एकटाच थांबलो म्हणून एक वेगळं बघायला मिळालं. मध्यरात्रीनंतर चंद्र माथ्यावर आला तेव्हा तुडुमाच्या खांबाची आखूड सावली दक्षिणेकडे पडली होती. आधी वाटलं माझंच दिशेचं काही चुकलं. ध्रुवाकडे बघून खात्री केली. चंद्र डोक्याच्याही उत्तरेला होता. दर साडेअठरा वर्षांनी चंद्राची वाट अशी ताणली जाते आणि तो सूर्याच्याही पलीकडे, अठ्ठावीस अंशांपर्यंत उत्तरेला जातो. हे तसंच वर्ष. आपण एकवीस अंशांवर, म्हणून तो आपल्याला ओलांडून गेला. त्या सावलीचा फोटो आहे. त्यात दगडावरची शेवाळ हिरवी दिसते.

३ जानेवारी २०२५

संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि त्याला खेटून चतुर्थीची कोर. चार मिनिटांत शुक्राची पाण्यावर पडलेली तिरपी पांढरी रेघ. मध्येच पाळीवरून मोटरसायकल आली. आता सवय झाली आहे: काळी टोपी लेन्ससमोर धरायची, गाडी गेली की काढायची. शटर उघडंच, पण कॅमेऱ्याला ती गाडी ठाऊकच नाही.

१३ जानेवारी

पौष पौर्णिमा. काका आपणहून आले, खांद्यावर जाळं टाकून. डोंगा नको, तुडुमावर उभे राहा म्हटलं. दगड हलत नाही.

आयएसओ ८००, एफ/४, तीस सेकंद. पहिल्यात जाळ्याचं टोक वाऱ्याने हललं. दुसऱ्यात काका बरोबर, पण ढग. तिसऱ्या वेळी मी आकडे मोजत होतो आणि पंधराच्या पुढे माझाच श्वास थांबला होता हे नंतर लक्षात आलं. काका श्वास घेत होते. फोटोत त्यांची छाती आणि जाळं जरासं मऊ आलंय. पाय, धोतराचा काठ, काठी धरलेला हात अगदी स्पष्ट. मागे निळं आभाळ, तारे, ढिवरांच्या घरांतला एक पिवळा दिवा, आणि पाणी नाही, नुसता उजेड.

चेहरा ओळखू येत नाही. चंद्र त्यांच्या पाठीशी होता. मी तो मुद्दामच तसा घेतला होता, पण घरी आल्यावर वाटलं की काकांना आवडणार नाही.

१९ जानेवारी

बारा बाय अठराचा प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकूंनी बघितला आणि लगेच म्हणाल्या, “हा तं तुमचाच खांदा हाये जी. डाव्या आंगाले झुकला.” मग घरातल्या सगळ्यांनी बघितला. नातीने तारे मोजले, अर्ध्यात सोडले.

काकांनी प्रिंट भिंतीला टेकवून ठेवला, लांबून पाहिला, छान आहे म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, “तो बिडीवाला कोठी हाये?”

मी म्हटलं, त्यात तुम्ही दिसत नाही.

“त्याच्यात मी चालून राहिलो ना.”

तोही छापायचा आहे. चकचकीत कागदावर नको, लाल रेषा बारीक आहे, चमकेत हरवेल. मॅट घ्यायचा, आणि मोठा, कारण अठरा इंचांत जाळ्याजवळची गुंतवळ दिसणार नाही.